न फुटणाऱ्या आकड्याच्या अनुसयाबाई

अनुसयाबाईंकडून ब्लाउज ठरल्या दिवशी मिळाला, असं सांगणारी बाई आमच्या जेल रोडला अजून जन्माला यायची आहे. "उद्या नक्की," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. उद्या गेलं की "फक्त हुक राहिले बघा", परवा गेलं की "काजं करायची राहिली", आणि त्याच्या पुढच्या दिवशी गेलं की कापड आपण दिलं त्याच घडीत, त्याच पिशवीत. एकदा मी चिडून म्हटलं, "अनुसयाबाई, रोज उठून इतकं खोटं बोलवतं कसं हो तुम्हाला?"

तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचत त्या म्हणाल्या, "बाई, माणसाशी खोटं बोललेलं चालतं. माणूस समजून घेतो. आकड्याशी नाय बोलायचं. तो नाय समजून घेत."

मी चांदवडहून नाशिकरोडला मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. अकरा खोल्यांच्या बैठ्या चाळीत मला नववी खोली मिळाली आणि दहावीत अनुसयाबाई. चाळिशी ओलांडलेल्या, बारक्या, काटक, गळ्यात कायम मापाची टेप. त्यांचे यजमान काशिनाथराव एसटीच्या डेपोत फिटर होते. ते इतके कमी बोलत की पहिले कित्येक महिने मला ते मुके वाटत होते.

नोकरीला साजेसे दोन ब्लाउज शिवून घ्यावेत म्हणून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. त्यांनी माप घेतलं नाही. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही गणिताच्या बाई ना? मग या इकडं." मला त्यांनी मशिनीपाशी नेलं, पदरानं एक पितळी पट्टी पुसली आणि बोट ठेवलं. पट्टीवर मशिनीचा नंबर कोरलेला होता: १०२२११७.

"दहा लाख बावीस हजार एकशे सतरा," त्या म्हणाल्या. "सांगा, फुटतो का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कशानं भाग जातो का पुरा? मी तेरापर्यंत बघितलंय. नाय गेला."

ती मशीन त्यांनी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुनीच घेतली होती. विकणारा म्हणाला होता, मशीन भक्कम आहे, फुटायची नाही. दुसऱ्या कुणी पाय मारून पाहिला असता, तेल कुठं गळतंय ते पाहिलं असतं. अनुसयाबाईंनी घरी येऊन नंबराला भाग द्यायला सुरुवात केली.

याला कारण होतं. त्या बागलाणातल्या नामपूरच्या. शाळा चौथीपर्यंत. पण लांब भागाकारात त्यांचा हात धरणारं सबंध शाळेत कोणी नव्हतं. एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी फळ्यावर एक भागाकार घातला. अनुसयाबाईंची बाकी एक आली. साहेब म्हणाले, "बाकी उरायला नको, पुन्हा कर." यांनी पुन्हा केला, पुन्हा एक. साहेबांनी डोळे वटारले, गुरुजींनी खुणावलं, पण ही नऊ वर्षांची पोर पाटी छातीशी धरून उभी: "उरतंय तर उरतंय म्हनायचं." साहेब गेल्यावर गुरुजींनी पडताळून पाहिलं. उरत होता. गुरुजींनी तिला शाबासकी दिली, आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला शाळेतून काढून कांदे साठवायच्या चाळीवर कामाला पाठवलं. ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. शाळेतून काढल्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत, साहेबांबद्दल मात्र दर वेळी नव्यानं चिडत.

तर हा आकडा. भागाकाराकडे पाहायची त्यांची रीत शिंपिणीची होती. आकडा म्हणजे कापड, ज्यानं भाग द्यायचा ते माप, आणि बाकी म्हणजे कातरण. "सातानं कापला तर पाच कातरण. अकरानं आठ. तेरानं पुन्हा पाच. चिंधी उरतेच," त्या कौतुकानं सांगत, जणू चिंधी उरवणं हा त्या आकड्याचा स्वाभिमान होता. रोज सकाळी मशिनीला तेल दिलं की कापायच्या टेबलावर खडूनं एक भागाकार व्हायचा. मग तोच पुन्हा, पडताळ्यासाठी. मग टेबल पुसायचं आणि बाकी मापांच्या वहीत टिपून ठेवायची. त्याच वहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्या शेजारी.

व्हायचं ते झालंच. सदतीसानं भाग दिला त्या दिवशी बाकी एकोणतीस आली. वहीत लिहिलं गेलं: ३७ – २९. त्याच्याच वरच्या ओळीत आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचं नाव होतं. मोठ्या बाई नावाप्रमाणेच मोठ्या होत्या. चव्वेचाळीस इंचांच्या खाली त्यांचं काही नव्हतं. त्यांच्या भाचीच्या लग्नाचा, जरीकाठी, सदतीस छाती आणि एकोणतीस कंबर असा नेटका ब्लाउज तयार झाला. मोठ्या बाईंनी तो हातात धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, कारण शिंपीण मी सुचवली होती.

अनुसयाबाईंनी वही उघडली, ओळीवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुमचं माप नाय हे, आमच्या आकड्याचं हाय," त्या म्हणाल्या. "त्याला बघा कसा बरोबर बसला असता!" लग्नाला मोठ्या बाई शाल पांघरून गेल्या. मे महिना होता.

एक दिवस सकाळी मी वेणी घालत होते तर अनुसयाबाई धावत दारात आल्या. तोंडात टाचण्या, हाताला खडू. "वाचला!" त्या ओरडल्या. "तीननं वाचला हो!" चाळीतल्या बायका गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, काशिनाथराव बसखाली सापडले होते. दुसरीनं लगेच पदर डोळ्याला लावला. तिसरी डेपोकडे निघाली सुद्धा. तेवढ्यात काशिनाथराव हातात डबा घेऊन मागून आले आणि सगळ्यांकडे पाहत उभे राहिले. एकशे एकानं भाग दिला होता, बाकी अठ्ठ्याण्णव आली होती. आणखी तीन असते तर आकडा फुटला असता, एवढंच झालं होतं. "काय शे हे तरी!" असं काशिनाथराव अहिराणीत म्हणाले. मी त्यांचं ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आता माझ्या वाट्याचं सांगते. ते सांगायला नको असतं तर हे लिहिलंच नसतं.

एकशे एकानंतर त्या मला म्हणाल्या, "बाई, असं कुठपर्यंत करायचं? आकडे संपत नायत." मी शिकवायच्या तोऱ्यात होते. म्हटलं, प्रत्येक आकड्यानं बघायची गरजच नाही. दोनानं नि तीनानं गेला नाही तो सहानं कसा जाईल? फक्त मूळ संख्यांनी बघा. ज्या स्वतः फुटत नाहीत त्यांनी. शिवाय सगळ्याही नकोत. कापडाचा लांबरुंद तुकडा घ्या. रुंदी वाढवत गेलं की लांबी कमी होत जाते. दोन्ही सारख्या झाल्या की पुढं तेच तुकडे उलटे येतात.

"म्हणजे चौकोनी रुमाल होईपर्यंतच बघायचं," त्या ताडकन म्हणाल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना हे समजायला आठवडा लागतो.

"बरोबर. तुमच्या आकड्याचा रुमाल हजाराच्या आसपास," मी म्हटलं. माझ्याकडे एक जुनं पुस्तक होतं, त्याच्या शेवटी हजारापर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती. ती मी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत एकशे अडुसष्ट आकडे. त्यांनी विचारलं, "हजाराच्या पुढं नाय बघायचं ना?" तेवढ्यात माझ्या खोलीत स्टोव्हवर दूध उतू जायला लागलं. "नाही, हजारापर्यंत पुरे!" असं ओरडत मी पळाले.

तो कागद त्यांनी मशिनीच्या खणात ठेवला. एका आकड्याचा निकाल लागला की त्याच्यापुढे जांभळ्या पेन्सिलीची खूण आणि बाकी. रोज एक म्हटलं तरी वर्षात संपायला हवं होतं, पण लगीनसराई, गौरी-गणपती, शिवणाच्या क्लासच्या पोरी, काशिनाथरावांचं आजारपण, असं करत दोन वर्षं लागली. मधे एक मशीन विकणारा माणूस आला. जुनी मशीन द्या, वरचे थोडे पैसे द्या, नवी कोरी मोटारची घ्या. अनुसयाबाईंनी आधी नव्या मशिनीचा नंबर पाहिला. शेवटी पाच होता. "पाचानं सरळ जातोय हा," त्या म्हणाल्या. "असल्या ठिसूळ मशिनीवर काय शिवू मी?" तो माणूस बिचारा मशीन सगळीकडून ठोकून दाखवत होता.

नऊशे सत्त्याण्णवचा दिवस मला आठवतो. बाकी एकशे ब्याण्णव. त्यांनी तीनदा पडताळलं, मशिनीला झेंडूची माळ घातली आणि चाळीत पेढे वाटले. लोक विचारत, "काय, कुणाचं लग्न ठरलं का?" त्या म्हणत, "नाय, मशिनीचा निकाल लागला. फुटत नाय." पेढे चांगले होते, त्यामुळे कोणी जास्त विचारलं नाही. मला त्यांनी दोन दिले. म्हणाल्या, "साहेबांनी फळ्यावर दिलेलं एक गणित आणि हे एक. दोनच गणितं माझी. बाकी आयुष्य सगळं ब्लाउज." तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला होता. माझ्या नावावर एकही नव्हतं.

आठवड्यात दारावर पाटी लागली. निळ्यावर पांढरं: "अखंड लेडीज टेलर". पेंटरला वाटलं अखंड सौभाग्यातलं अखंड, म्हणून त्यानं आपल्या मनानं कोपऱ्यात कुंकवाचा करंडा काढला. काशिनाथरावांनाही तसंच वाटलं आणि ते पंधरा दिवस खुशीत होते. पाटीच्या खाली दुसरी ओळ होती: "मशिनीचा आकडा फोडील त्यास जन्मभर शिलाई फुकट."

कॉलेजची पोरं यायला लागली. अनुसयाबाई त्यांना टेबल द्यायच्या, खडू द्यायच्या, चहा द्यायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. एकानं मामाचा कॅल्क्युलेटर आणला; तीनच्या मागोमाग पाच, सात असं करत आठशेच्या पुढे गेला आणि सेल संपले. "तुला ब्लाउज कशाला रे फुकट?" मी विचारलं. "आईला," तो म्हणाला. त्याच्या आईचा एक ब्लाउज अनुसयाबाईंनी तसाच शिवून दिला, मेहनतीचा म्हणून. अर्थात तीन आठवडे उशिरा.

पुढच्या जुलैत मी नववीला वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र शिकवत होते. पुस्तकात त्याची आकृती असते: एक मोठा चौरस, त्याच्या कोपऱ्यातून छोटा चौरस कापलेला. उरलेल्या तुकड्याची एक पट्टी कापून दुसरीकडे जोडली की नीट लांबट चौकोन होतो. मुलींना मोठा आकडा द्यावा म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून अकरा मिनिटं. फळ्यावर लिहिलं, १०११ चा वर्ग. सोडवला: १०२२१२१.

खडू तिथंच थांबला. शेवटी एकवीसच्या जागी सतरा असते तर हा मशिनीचाच आकडा. "फक्त चार कमी," मी पुटपुटले. आणि चार म्हणजे दोनाचा वर्ग.

"बाई, वजा चार लिहायचं का?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "मग सोपं आहे. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा."

मी डस्टर घेऊन सबंध फळा पुसून टाकला. "बाई, उतरवून घ्यायचं होतं!" मुली ओरडल्या. मी म्हटलं, परीक्षेत येणार नाही.

रुमाल हजाराचा नव्हता, एक हजार अकराला टेकलेला होता. माझ्या पुस्तकाची यादी हजाराला संपत होती म्हणून मी हजाराला थांबले. नऊशे सत्त्याण्णवनंतरची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ. अनुसयाबाईंना आणखी एकच सकाळ हवी होती, आणि ती मी दूध उतू गेलं म्हणून दिली नाही.

सांगायला हवं होतं. मला ते त्याच दिवशी कळत होतं. पण घरी येताना ती पाटी दिसली, कुंकवाच्या करंड्यासकट, आणि माझा धीर झाला नाही. त्यांच्या दोन गणितांतलं एक मी कोणत्या तोंडानं काढून घेणार होते? सांगू उद्या, असं ठरवलं. उद्या म्हटलं परवा. अनुसयाबाईंच्या शेजारी राहून मी एवढं शिकले होते.

मनाला खात राहिलं ते राहिलंच. त्यावर मी उपाय काढला तो असा की ब्लाउज शिवून घ्यायचे. त्या वर्षी मी अकरा शिवून घेतले. शाळेत मोठ्या बाईंनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, "कुठं ठरलंय का तुझं?"

आणि एक चमत्कार घडला: माझे ब्लाउज वेळेवर मिळायला लागले. बुधवारी म्हटलं की बुधवारी, इस्त्री करून, हुकांसकट. ही गोष्ट मी चाळीत कोणाला सांगितली नाही. विश्वास बसला नसता. मला वाटलं, बाईंचं वय होत आलं, सुधारल्या. त्याच दिवाळीत पाटीला नवा रंग दिला तेव्हा पेंटरनं खालची आव्हानाची ओळ लिहिलीच नाही. मी विचारलं तर अनुसयाबाई म्हणाल्या, "पोरं लय चहा पितात, परवडत नाय." मला सुटल्यासारखं झालं. आकड्याबद्दलही त्या आताशा फारशा बोलत नसत. कोणी विचारलं तर "हाय आपला, मशिनीवर," एवढंच. मीही विषय काढत नसे. अशी पाच-सहा वर्षं आम्ही दोघी त्या पितळी पट्टीच्या आजूबाजूनं बोलत राहिलो.

मग मला चांदवडच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मनाशी पक्कं करून दहाव्या खोलीत गेले. अनुसयाबाई काजं करत होत्या.

"अनुसयाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. फार दिवसांचं राहिलंय."

त्यांनी वर पाहिलं नाही. "ब्लाउजचं असंल तर सांगा."

"ब्लाउजचं नाही. त्या आकड्याचं—"

"मग राहू द्या." त्यांनी दोरा दातानं तोडला. "जाता-जाता आकड्याचं काढू नये. बाहीची लांबी सांगा. मोठ्या बाई होणार आता, कोपरापर्यंत करू का?"

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी टेप माझ्या दंडाभोवती आवळली आणि इतक्या मोठ्यानं मापं म्हणायला लागल्या की मला बोलताच येईना. शेवटी म्हणाल्या, "उद्या नक्की."

मी मनात म्हटलं, म्हणजे हा काही मिळत नाही. पण सकाळी टेम्पोत सामान चढत असताना त्या कागदात गुंडाळलेला पुडा घेऊन आल्या. मी वाकले तर मला खांद्याला धरून उभं केलं. "शिकवणारीनं वाकू नये," म्हणाल्या. मग त्यांच्या दारात कोणी गिऱ्हाईक आलं आणि त्या वळल्या. सामानाचा टेम्पो निघाला, मी एसटी स्टँडकडे वळले तेव्हा त्या पायरीवर उभ्या राहून एका पोरीच्या पाठीचं माप घेत होत्या, टाचण्या तोंडात, आणि कात्री धरलेला हात माझ्याकडे बघून हलवत होत्या. नंतर त्या मला दिसल्या नाहीत.

पिंपळगाव गेल्यावर एसटीत मी पुडा सोडला. आत ब्लाउज होता, कोपरापर्यंत बाह्यांचा. बाहेरचा कागद मी चुरगळणार तेवढ्यात माझं स्वतःचं अक्षर दिसलं. फुलस्केप, घडीवर फाटत आलेला. दोन, तीन, पाच, सात. प्रत्येकापुढे जांभळी खूण आणि कातरण. शेवटी नऊशे सत्त्याण्णव, एकशे ब्याण्णव. तिथं माझी यादी संपत होती.

त्याच्याखाली त्यांच्या अक्षरात, त्याच जांभळ्या पेन्सिलीनं आणखी एक आकडा होता: १००९. पुढे खूण. पुढे कातरण: ०. शेजारी एक छोटा चौकोन काढलेला, कोपरा कापलेला. आणि त्याखाली बारीक, मापांच्या वहीत लिहितात तसं:

"बाईंना कळू द्यायचं नाय. यादी त्यांच्या हातची हाय."

केव्हा लिहिलं होतं कोण जाणे. माझ्या आधी की माझ्या नंतर, पुडा बांधायला हाच कागद चुकून हाताला लागला की मुद्दाम काढला, मला आजही सांगता येणार नाही. आकड्याशी त्या खोटं बोलल्या नव्हत्या, शून्य उरलं तर शून्य लिहिलं होतं. खोटं सगळं माझ्याशी बोलल्या होत्या, आणि वर ब्लाउज वेळेवर देऊन त्याची भरपाई करत होत्या. मी अकरा ब्लाउज शिवून घेऊन केली तीच.

मला हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता डोळे कधी वाहायला लागले कळलं नाही. शेजारच्या बाई घाबरल्या. माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "काय झालं हो ताई? काही वाईट कळलं का?"

मी म्हटलं, "नाही हो. ब्लाउज वेळेवर मिळाला."